गोदावरीचं पाणी तपासता, तर मासेही तपासा

गोदावरीच्या पाण्याचा अहवाल आला की नाशिकमध्ये दोन दिवस चर्चा होते. बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण दाखवणारा आकडा) किती, रामकुंडात उतरावं की नाही. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे ही चर्चा वाढेल आणि वाढायलाच हवी. पण पाऱ्याच्या बाबतीत नुसतं पाणी तपासून भागत नाही.

पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची आपल्याकडची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे. पाणी त्याच्या बरंच आत असलं तरी त्याच पाण्यातल्या मोठ्या माशात पारा नको इतका साठलेला असू शकतो. बंधाऱ्यामागे साचलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या गाळात काही जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा, म्हणजे सजीवांच्या शरीरात साठणारं त्याचं विषारी रूप, करतात. तो शेवाळात शिरतो आणि सगळ्यात मोठी उडी तिथेच पडते: पाण्यापेक्षा शेवाळात तो हजारो, कधी लाखो पट भरतो. मग शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव, त्यांना खाणारी मासोळी, मासोळी गिळणारा मासा. शरीर तो चटकन बाहेर टाकत नाही, म्हणून दर पायरीला वाढतच जातो.

बाजारात मरळ घेताना नीट बघा. टबात वळवळणारी मरळ मावशी बाहेर काढतात, पोट चिरतात, आणि कधीकधी आतून अर्धवट पचलेली चिलापी निघते. पुस्तकातली अन्नसाखळी ती हीच. त्या चिलापीतला पारा आता मरळीचा झाला. शिवाय तो चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. कातडं काढा, तेल निथळा, कितीही रटरट शिजवा, जात नाही. आमच्याकडे आजारातून उठलेल्याला, दिवस गेलेल्या सुनेला मुद्दाम मरळीचं कालवण करून घालतात. मिथाइल पारा वारेतून गर्भापर्यंत पोचतो आणि घडत्या मेंदूवरच घाला घालतो. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

जपानमध्ये मिनामाटाला हेच झालं. आधी मांजरं झटके येऊन मेली. माणसांचा आजार 1956 मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, पण कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा हेच कारण आहे असं सरकारने मान्य करायला 1968 उजाडलं. आईला फारसा त्रास नाही आणि मूल मात्र जन्मतःच अपंग, अशी घरं तिथे होती.

नाशिकमध्ये मिनामाटा घडतंय असं मी म्हणत नाही. पण कोळशात पारा असतो, तो धुरावाटे हवेत जातो आणि पावसाबरोबर खाली येतो. एकलहऱ्याला कोळशावरचं वीज केंद्र आहे. फुटलेले थर्मामीटर, जुन्या ट्यूबलाइट आपण कचऱ्यात टाकतो. आणि खाली गोदावरी-कादवा संगमावर गाळाने भरलेलं, उथळ नांदूरमधमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथले पाणकावळेही मासेच खातात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गंगापूर धरण आणि नांदूरमधमेश्वर, दोन्हीकडून दरवर्षी त्याच जातीचे, साधारण त्याच लांबीचे मासे घ्या. लांबी महत्त्वाची, कारण थोराड माशात पारा तसाही जास्तच सापडतो. सोबत गाळ, गोगलगायी, झिंगे. नमुन्यांतला जड नायट्रोजनही (नायट्रोजन-15, नेहमीच्या नायट्रोजनचा किंचित जड भाऊ) मोजा. तो दर पायरीला हजारी साधारण 3.4 ने वाढतो, त्यामुळे कोण कुणाच्या वर आहे हे अंदाजाने नाही, मोजून कळतं आणि पारा कुठे उसळी घेतोय ते दिसतं. पाण्यावर काम करणारी मेरीसारखी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्था आपल्याच शहरात आहे. सिंहस्थाच्या खर्चात हे काम सहज बसेल. निकाल मराठीत, जातीनुसार, मासळी बाजारात फलकावर लावा.

कुणी मासे सोडू नयेत. प्रथिनांचा इतका चांगला स्रोत सोडणं हे दुसरं नुकसान आहे, आणि विकणाऱ्या मावशींच्या पोटावर पाय येईल तो वेगळाच. घरात कुणाला दिवस गेले असतील तर मोठ्या शिकारी माशाऐवजी लहान मासे, रोहू घ्या, एवढंच. मत्स्यशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवणारे कुणी ही पोस्ट वाचत असतील तर कॉमेंटमध्ये लिहा. महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचं निवेदन मिळून तयार करू.