माशीवाला जॅक एलम

वाद पेटला तो सांबावरून. डोंबिवलीत फडके रोडच्या एका गल्लीत बंद पडलेलं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर आमचा कट्टा भरतो. बंड्याचं म्हणणं, 'शोले'त मॅकमोहन खडकावर नुसता बसला आणि अमर झाला. मी म्हटलं, नुसतं बसून अख्खा पिक्चर खाणारा बघायचा तर जॅक एलम बघ, त्याच्याइतका अंडररेटेड नट दुसरा नाही.

"कोण?" तिघांनी एकदम विचारलं.

"काउबॉयच्या पिक्चरमधला तो तिरळा गुंड."

"हां, तो डोळेवाला!" सुहास म्हणाला. बघा, चेहरा सगळ्यांना ठाऊक आणि नाव कोणालाच नाही.

सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट', 1968 चा. ठाकूरचं कुटुंब मारतात तो प्रसंग 'शोले'ने तिथूनच उचलला, त्यामुळे बंड्याला हा सिनेमा निदान ऐकून माहीत होता. सुरुवातीला तीन गुंड स्टेशनवर गाडीची वाट बघत असतात. पार्श्वसंगीत औषधालाही नाही, पवनचक्की तेवढी कुरकुरतेय. वुडी स्ट्रोडच्या टकलावर वरून पाणी टपकतंय, तो हॅट चढवतो आणि पाणी हॅटवर साठू देतो. एलम बाकावर पसरलेला. त्याच्या दाढीवर माशी बसते. हात उचलायचाही कंटाळा, म्हणून ओठ वाकडे करून फुंकर मारतो. माशी हलत नाही. शेवटी ती भिंतीवर जाऊन बसते, तेव्हा हा पिस्तुलाच्या नळीत तिला कोंडतो, नळीच्या तोंडावर बोट ठेवतो आणि नळी कानाशी नेऊन आतली गुणगुण ऐकत बसतो. चेहऱ्यावर लहान पोरासारखं हसू. गाडी आली की माशीला सोडून देतो आणि थोड्याच वेळात स्वतः मरतो.

"म्हणजे माशी मारणं हा अभिनय?" सुहास.

"मारत नाही रे, सोडतो! तेच तर सांगतोय."

"ते दिग्दर्शकाचं डोकं. आणि उरलेलं काम त्या डोळ्याने केलं. निळूभाऊंकडे असं काय होतं? चारचौघांसारखा चेहरा. तरी बायका बोटं मोडायच्या."

हा घाव बसला, खोटं कशाला बोलू. निळू फुल्यांपुढे मी कोणालाच उभं करत नाही. पण डोळ्याची गोष्ट सुहासला माहीत नव्हती. एलम ॲरिझोनातल्या मायामी नावाच्या खाणगावचा. लहानपणी बॉय स्काउटच्या सभेत पोरांची मारामारी झाली, कोणाची तरी पेन्सिल डाव्या डोळ्यात घुसली आणि त्या डोळ्याची नजर गेली. पुढे हा हॉलिवूडमध्ये लागला तो हिशेबनीस म्हणून.

इथे नाना सावरून बसले. चौतीस वर्षं बँकेत खतावण्या लिहिल्यात त्यांनी. "अकाउंट्सवाला? एका डोळ्याने?"

"हो नाना. डॉक्टरने सांगितलं, आकडेमोड थांबव, नाहीतर दुसराही डोळा जाईल. मग यानेच एका निर्मात्याला म्हटलं, तुमच्या पैशांची जुळवाजुळव करून देतो, बदल्यात मला भूमिका द्या."

"हुशार आहे," नाना म्हणाले. निळूभाऊ माळीकाम करून आले आणि हा वह्या लिहून, असं बंड्याने मध्येच जोडून दिलं.

"तरी काम मिळालं डोळ्यामुळेच," सुहास काही सोडेना.

मग मी 1969 चा 'सपोर्ट युवर लोकल शेरीफ' काढला. जेम्स गार्नर शेरीफ, आणि एलम गावात घोड्यांची लीद उपसणारा माणूस. गार्नर त्याला धरून डेप्युटी करतो. डोळा तोच, थोबाड तेच, पण इथे लोक हसतात. शेवटी हा कॅमेऱ्याकडे बघत आपणच सांगून टाकतो, की पुढे मी वेस्टर्नच्या लोककथांमधला फार लाडका माणूस झालो. नुसता डोळाच काम करत असता तर आधी ज्याला घाबरलो त्यालाच नंतर हसलो असतो का?

सुहास जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण अंडररेटेड कसा? काम तर भरपूर मिळालं."

मिळालं ना. 2003 मध्ये गेला तोवर कितीतरी सिनेमे, मालिका. पण 'हाय नून' या काउबॉयच्याच पिक्चरमध्ये तुरुंगातला दारुडा कोण, विचार कोणालाही. बाराचा ठोका जवळ आलाय, हिरो गॅरी कूपर कोठडी उघडून त्याला घरी जायला सांगतो, आणि याला काळजी गुत्ता उघडा आहे का याची! श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही.

"त्यापेक्षा माशी दाखव," बंड्या म्हणाला. मोबाईलवर तुकडा सापडला. चार डोकी एका पडद्यावर. समोर रिक्षावाल्याचं आणि टेम्पोवाल्याचं भांडण जुंपलेलं, हॉर्न थांबेनात.

"माशी दिसतेय, पण आवाज कुठाय?" नानांनी विचारलं.

बंड्याने मोबाईल उचलून कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि डोळे मिटले.

"येतोय का?"

"गप रे," तो म्हणाला. हसत होता.