गँट्री नुसता भोंदू नाही

'एल्मर गँट्री' या हॉलिवूडपटावरच्या लेखात त्याच्या नायकाला, म्हणजे सेल्समनचा धर्मप्रवचनकार झालेल्या गँट्रीला, सरळ 'भोंदू' म्हणून निकालात काढलंय, ते मला अजिबात पटलं नाही. सुरुवातीचा तो सीन आठवा, अनवाणी पायांनी हा फिरता सेल्समन कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये शिरतो, सगळे वळून बघत राहतात आणि हा मोकळ्या गळ्याने त्यांच्या गाण्यात सूर मिसळतो. तिथे तो काही विकायला आलेला नाही, मग तो आवाज खोटा कसा म्हणायचा? बर्ट लँकेस्टरला १९६० च्या या रोलसाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही, त्याचं ते दात दाखवत हसणं बघताना मला तर आपणच त्याच्या प्रवचनाच्या तंबूत बाकावर बसलोय असं झालं होतं.

आणि शेवटी त्याची साथीदार प्रवचनकार शॅरन आगीत गेल्यावर तिचं काम पुढे चालवायची संधी समोर असताना तो बॅग उचलून चालायला लागतो, निव्वळ भामटा असता तर सोडली असती का त्याने ती गादी?