मात्तिओली, ज्यू डॉक्टर आणि भाऊंचा गवती चहा

टोमॅटोबद्दल लिहिणाऱ्या एका जुन्या इटालियन वैद्यावरची ती पोस्ट सगळ्यांनी वाचलेली होतीच, त्यामुळे भाऊ कट्ट्यावर बूड टेकायच्या आतच सुरू झाले.

“माणूस बघा! इटलीतल्या सिएनाचा वैद्य. १५४४ साली डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या वनौषधींच्या ग्रंथावर, लॅटिन सोडून चक्क इटालियनमध्ये भाष्य लिहितो. राजदरबारी वैद्य म्हणून प्रागला जातो. आणि आपल्याला मात्तिओली हे नावसुद्धा माहीत नाही!”

“मला टोमॅटो माहीत आहे,” नित्या म्हणाला.

“तोही त्यानंच लिहिलाय! वांग्याच्या जातीत घातलाय, आणि तेलात परतून मीठ-मिरी लावून खातात म्हणून.”

“कूळ बरोबर ओळखलं, हे मानायला हवं,” मंदा म्हणाली. भाऊ खुलले. ती कौतुक करते म्हणजे पुढे काहीतरी असतं, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

“आता त्या अमातुसचं सांगा.”

“कोण अमातुस?”

“पोर्तुगीज ज्यू डॉक्टर. १५५३ साली त्यानं तुमच्या मात्तिओलीच्या चुका छापून दाखवल्या. अमकं झाड ते हे नव्हे, वगैरे. मग १५५८ साली मात्तिओलीनं त्याच्याविरुद्ध अख्खं पुस्तक काढलं आणि त्याचा धर्म काढला. वाद झाडांच्या पानांचा, उत्तर काय, तर ‘तू ज्यू’! तेही केव्हा, तर इटलीतल्या आंकोनात पोपच्या हुकमानं त्याच्यासारख्याच पोर्तुगीज ज्यूंना जाळून दोन वर्षं झाली होती. अमातुस पुस्तकं टाकून तिथूनच जीव घेऊन पळाला होता.”

“तो काळच तसा होता,” भाऊ म्हणाले. त्यांचं हे ठरलेलं वाक्य. आणीबाणीपासून सोसायटीच्या रंगकामापर्यंत कुठेही चालतं. “मोठ्या माणसाला शत्रू असायचेच.”

“शत्रू कसला? फुकटचा प्रूफरीडर होता!”

भाऊंनी मोर्चा वळवला. “बरं, त्याची प्रयोगाची वृत्ती तरी बघा. विषावरचा उतारा तपासायला...”

“...फाशीच्या कैद्यांना बचनाग पाजायचे. छान!”

“त्याला क्लिनिकल ट्रायल म्हणतात!”

“सही कोणी केली, भाऊ?” नित्यानं विचारलं.

जोशीकाका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “दोघंही प्लेगनंच गेले. अमातुस सलोनिकात, हा ट्रेंटोत. दोघांनाही झाडपाला पुरला नाही.”

“चूक दाखवली की राग येतोच,” नित्या म्हणाला. “मी नाही का सांगितलं, तुम्ही सोसायटीत वाटलेला गवती चहा हे साधं गवत आहे म्हणून? आठवड्याभरात माझी स्कूटर पार्किंगच्या यादीतून गायब.”

“त्याचा इथे काय संबंध? आणि ते गवत नव्हतं. वास यायला वेळ लागतो त्याला!”

“दोन पावसाळे?” मंदा म्हणाली.

“आमच्या हिनं उकळून प्यायलासुद्धा!” काकांनी शेवटी पेपर खाली ठेवला. “आठवडाभर म्हणत होती, पोटाला बरं वाटतंय.”

“बघा! गुण आला की नाही?” भाऊ उसळून म्हणाले. मग मात्तिओलीचं नाव कोणी काढलंच नाही. नित्या कट्ट्यावरून पडता पडता वाचला.