रोज एक प्लेट पोहे, जिलबी नाही

क्रीम लावून या म्हणे!

आमच्या पोळ्यावाल्या मावशींच्या म्हातारपणच्या सरकारी पेन्शनसाठी आम्ही दोघी सकाळी साडेनऊला रांगेत उभ्या राहिलो, दोनदा टोकन बदललं, एक वाजता खिडकीपाशी पोहोचलो आणि हे ऐकायला मिळालं. "अम्मा, अंगूठा घिस गया है. रात को क्रीम लगाओ, चार-पाँच दिन बाद आना." बोलताना त्या पोराची नजर मोबाइलवर. सूर असा, की मावशींनी जाणूनबुजून सरकारी मालमत्तेचं नुकसान केलंय.

अरे, झिजणार नाही तर काय होईल? मावशींनी चाळीस वर्षं रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत लोकांच्या पोळ्या लाटल्यात. आमच्याकडेच बावीस वर्षं. अर्ध्या मराठी इंदूरची कणीक ज्या हातांनी तिंबली, दिवाळीच्या चकल्या पाडल्या, त्या हाताच्या रेघा आता तुमच्या त्या काडेपेटीएवढ्या मशीनला दिसत नाहीत. तर चूक कोणाची? मावशींची.

आणि हा अंगठ्याचा कार्यक्रम काही एका मिनिटात उरकला नाही हं. आधी मशीन पुसलं. मग मावशींचं बोट पुसलं, माझ्या ओढणीने. मग म्हणाला, "बालों पे रगड़ो." केसांचं तेल लागलं की ठसा उठतो, असं त्यांचं शास्त्र आहे. मावशींनी घासलं. नाही उठला. मग डावा अंगठा. मग तर्जनी. मग मधलं बोट. एकाहत्तर वर्षांची बाई खिडकीसमोर दहाही बोटं नाचवतेय आणि मागची रांग तमाशा बघतेय, फक्त टाळ्या वाजवायच्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, "भिया, चेहरा घ्या ना, आता चेहऱ्याने पण होतं." तो म्हणे, तो पर्याय आज चालत नाहीये. बरं, ओटीपी? तर आधारला नंबर जोडलेला काकांचा, म्हणजे मावशींच्या यजमानांचा. काका जाऊन सात वर्षं झाली. ओटीपी वर पोहोचला असेल, तिथून कोण सांगणार?

मग दुसरा शोध लागला. नाव जुळत नाही. आता हे फक्त आपल्यालाच कळेल. आधारवर मावशींचं नाव, मग काकांचं नाव, मग आडनाव, आपल्याकडे लिहितात तसं. समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाच्या नोंदीत, कुठल्या तरी महाभागाने काकांचं नाव गाळलं आणि मावशींच्या नावाला 'बाई' चिकटवलं. "बीच में आदमी का नाम क्यों डालते हो आप लोग?" असा प्रश्न मला विचारण्यात आला. होळकरांच्या काळापासून आम्ही या गावात राहतोय रे बाळा, अजून आमची नावं लिहायची पद्धत तुमच्या पोर्टलला झेपली नाही? माझ्या सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा आडनावाची अशी काही वाट लावली होती, की बँकेने विचारलं, हे दुसरे कोणी आहेत का?

पण डोकं फिरलं ते यानंतर. तो हसून, अगदी प्रेमाने म्हणाला, "वैसे आप तो मराठी लोग हो, राजवाड़े वाले. छह सौ रुपये के लिए इतना क्या परेशान होना?"

राजवाडेवाले! म्हणजे होळकरांच्या राजवाड्यातले! मावशी चाळीत एका खोलीत राहतात. काका एका मिलमध्ये होते, ती मिल गेली आणि त्यांची बाकीही तिच्याबरोबर गेली. इथल्याच हुकुमचंद मिलच्या कामगारांना निदान डिसेंबर 2023 मध्ये थकलेले पैसे मिळाले, तेही मिल बंद पडून तीस वर्षं उलटल्यावर, तोवर किती जण उरले होते ते सोडा. राजवाडा आम्हीही बाहेरूनच बघतो, संध्याकाळी, शेव घ्यायला गेलं की.

आणि "छह सौ के लिए" काय? सहाशे म्हणजे महिन्याचे सहाशे. भागिले तीस. वीस रुपये रोज. आमच्या कोपऱ्यावर पोह्याची प्लेट वीसची आहे. म्हणजे म्हातारपणी सरकार तुम्हाला रोज एक प्लेट पोहे देतं. जिलबी नाही. वरून शेव जास्त मागायची नाही. आणि या प्लेटीसाठी तुम्ही गरीब आहात, जिवंत आहात आणि तुम्हीच तुम्ही आहात, हे तिन्ही सिद्ध करायचं. पहिली दोन माझ्याकडे बघूनही कळतील, असं मावशी म्हणाल्या. तिसरं मशीनच्या हातात.

त्या सहाशेतले केंद्राचे किती, माहीत आहे ना? दोनशे. 2007 साली योजनेला इंदिरा गांधींचं नाव दिलं तेव्हा दोनशे होते, आज 60 ते 79 वयाला दोनशेच आहेत. ऐंशी पूर्ण केलीत तर पाचशे. म्हणजे आधी जगून दाखवा. 1995 मध्ये ही पेन्शन सुरू झाली तेव्हा पंचाहत्तर रुपये होते आणि तेव्हा पंचाहत्तर रुपयांत निदान पिशवी भरायची. आता दोनशेत मावशींची रक्तदाबाची गोळी येते. पाण्याबरोबर घ्यायची, पाणी आपलं.

मावशींच्या भाचीला लाडली बहनाचे, म्हणजे मध्य प्रदेशातल्या बायकांसाठीच्या योजनेचे, महिन्याला दीड हजार येतात. येऊ देत, मला काही पोटदुखी नाही, तिला गरजच आहे. पण ही लाडली बहना साठ वर्षांची झाली की? नाव कमी. साठीपर्यंत लाडकी बहीण, साठीनंतर सहाशेवाली अम्मा, तीही बीपीएलमध्ये असेल तर. साठ झाल्यावर भूक अर्ध्याहून कमी होते असा कुठला शोध लागलाय? आमच्या सासूबाई तर साठीनंतरच खऱ्या खायला लागल्या.

आणि ते "अम्मा"! मला "अम्मा", "माताजी", "आंटी" म्हणणाऱ्या सगळ्या खिडक्यांचा मनापासून राग येतो. तोंडाने माताजी आणि हाताने कागद असा भिरकावतात, की पकडायला क्रिकेट यावं लागतं.

झेरॉक्सवाल्याबद्दल तर मी बोलतच नाही. बोलतेच. आतला माणूस सांगतो, "आधारच्या दोन्ही बाजू एका पानावर." बाहेरचा काढतो दोन पानांवर. आत जा, परत बाहेर या, परत पाच रुपये. दोघं मेव्हणे-मेव्हणे असणार, माझी खात्री आहे. आणि बाजूला तो एक माणूस खुर्ची टाकून बसलेला असतोच, "दे दो दीदी, तीन सौ में करा दूँगा." सहाशेच्या पेन्शनला तीनशेचा दलाल! बाजार कसा अगदी अचूक भाव लावतो बघा.

आता विषय निघालाच आहे तर रेल्वेचंही ऐका. स्त्रियांना 58 पासून तिकिटात निम्मी सूट होती. मी बोटं मोजत बसले होते, अठ्ठावन्नला लागले की पुण्याला लेकाकडे अर्ध्या तिकिटात. मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच. करोना गेला, मास्क गेले, सूट नाही आली. आता पुढच्या महिन्यात मला अठ्ठावन्नावं लागतंय, पूर्ण तिकिटासकट. आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका दर पंधरा दिवसांनी टाकतात, 'ज्येष्ठ नागरिकांना सरकारची मोठी भेट, पुढे पाठवा'. काका, भेट मिळाली तर आधी चहा पाजा, मग पुढे पाठवा.

सत्तरीपुढच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंत मोफत उपचारांचं कार्ड निघालं 2024 मध्ये. चांगली गोष्ट. मावशींचं काढायला गेलो. त्यालाही आधार. त्यालाही ठसा. इथे आजारी पडायचं तरी बोटाला रेघा हव्यात.

तर राजवाडेवाले ऐकल्यावर माझा आवाज चढला. तसा तो चढायला फार काही लागत नाही, घरचे सांगतील. मी म्हटलं, "मावशींच्या अंगठ्याला काही झालेलं नाही, तुमचं मशीन खराब आहे! देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणता, ती काच पुसा आधी! जिवंत माणसाचा अंगठा ओळखता येत नाही? थांबा, मी माझा लावून दाखवते." आणि आस्तीन सारून, सगळ्या रांगेसमोर, झाशीच्या राणीच्या आवेशात अंगठा ठेवला.

लाल दिवा.

परत ठेवला. लाल. ओढणीने पुसला, केसांवर घासला (हो, मीही घासला), परत ठेवला. लाल.

रांगेत कोणी तरी हसलं. तो पोरगा पहिल्यांदा मोबाइलवरून मान वर करून बघत होता. "आंटी," तो म्हणाला, "आप भी क्रीम लगाओ."

खरं सांगायचं तर मावशींनी आमचं काम सोडल्यापासून दोन वर्षं भांडी मीच घासतेय. आणि आमच्या मागच्या माणसाचा अंगठा पहिल्या फटक्यात हिरवा. मशीन ठणठणीत होतं.

मी काही तरी पुटपुटत फाइल आवरायला लागले, तर फाइलमध्ये मावशींच्या बँकेच्या पासबुकाऐवजी माझं विजेचं बिल. म्हणजे अंगठा उठला असता तरी काम झालं नसतंच. हे मी मावशींना अजून सांगितलेलं नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी रामबागेत राहत असेल तर कृपया बोलू नका.

आणि मावशी? त्यांनी मधल्या वेळात त्या पोराची चौकशी केली होती. तो खरगोनचा, इथे खोली घेऊन राहतो, नोकरी ठेक्यावरची, आणि दोन महिने पगार झालेला नाही. "त्याला काय बोलायचं ताई, तोच बिचारा वाट बघतोय," असं मला रिक्षात सांगितलं. पोराने त्यांना जाताना एका चिठ्ठीवर येण्याचा दिवस लिहून दिला, मंगळवार, गर्दी कमी असते म्हणून. मला नाही दिला.

रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे झाले. मावशी पदराची गाठ सोडायला लागल्या, मी हात धरला, भर रस्त्यात आमचं त्यावरून भांडण. मेडिकलवर क्रीम बघितलं, दीडशेचं. साडेसात दिवसांचे पोहे. मावशींनी बाटली हातात घेतली, उलटी करून बघितली, ठेवून दिली.

रात्री आठ वाजता त्यांचा फोन.

"ताई, ते क्रीम म्हणजे मलईच ना? मग घरची साय लावली तर चालेल का?"

तर सध्या दोन्ही घरी साय चालू आहे. ह्यांनी काल विचारलं, चहात साय का नाही? मी म्हटलं, मंगळवारपर्यंत मागू नका.