‘आयर्नचा बागुलबुवा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

डायलिसिसच्या रुग्णांना शिरेतून दिलेलं आयर्न (लोह) जास्त झालं तर साचून हृदयालाही त्रास देऊ शकतं, या माझ्या मागच्या लेखावर ‘एक जुना टेक्निशियन’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे: “आयर्नचा बागुलबुवा उभा करून पेशंटना घाबरवू नका. आयर्न जितकं जास्त तितकं बरं, हे पिव्होटलने सिद्ध केलंय. डायलिसिसवाल्याचं हृदय बिघडतं ते पोटॅशियमने. इंदूरमध्ये बसून दोन पेपर वाचले म्हणजे कोणी नेफ्रोलॉजिस्ट होत नाही. आणि टी-टू-स्टारचं एकक तरी नीट लिहा.”

एककाची चूक मान्य. टी-टू-स्टार म्हणजे हृदयात लोह साचलंय का हे सांगणारा एमआरआयचा आकडा; तिथे ‘२० मिलीसेकंद’ हवं होतं, ‘२० सेकंद’ पडलं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘इंदूरमध्ये बसून’ म्हणजे काय हो? फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) इथे राजवाड्यापाशी मोजलं काय नि लंडनला मोजलं काय, आकडा तोच. नेफ्रोलॉजिस्ट (किडनीचा डॉक्टर) असल्याचं मी कुठेही म्हटलेलं नाही. अठरा वर्षं डायलिसिस मशीनच्या शेजारी काढली आहेत, तेवढ्या हक्काने लिहितो. मुद्दा खोडायचा सोडून माणसाचं गाव काढायचं, ही कुठली रीत?

आता पिव्होटल, म्हणजे डायलिसिसच्या रुग्णांना आयर्न किती द्यावं याची चाचणी. २०१९ साली ती छापून आली, ब्रिटनमधले २,१४१ रुग्ण होते. जास्त आयर्नच्या गटाला महिन्याला ४०० मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज दिलं आणि त्या गटाचं खरंच बरं चाललं. इथवर तुम्ही वाचलंत. पण त्याच गटात फेरिटिन ७०० च्या वर गेलं किंवा टीसॅट (रक्तात लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाचा किती टक्के भाग लोहाने भरलाय ते) ४० टक्क्यांना पोचलं की डोस थांबत होता, हे सोयीने सोडलंत. शिवाय घेतलेले रुग्ण डायलिसिसच्या पहिल्या वर्षातले, सुरुवातीचं फेरिटिन ४०० च्या आत. आठ वर्षं मशीनवर असलेल्या, पाच-पंचवीस पिशव्या रक्त चढलेल्या, फेरिटिन १,४०० वाल्या माणसाला ती चाचणी कशी लावता?

हिशेब करा ना. डायलायझरमध्ये (मशीनच्या गाळणीत), लाइनमध्ये राहणारं रक्त आणि तपासणीचे नमुने धरून वर्षाला साधारण १ ते ३ ग्रॅम लोह जातं. दर आठवड्याला १०० मिलिग्रॅमची एक व्हायल म्हणजे वर्षाला ५.२ ग्रॅम. रक्ताच्या एका पिशवीत वर २०० ते २५० मिलिग्रॅम. जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाट नाही, आणि प्रथिनांना चिकटलेलं असल्याने डायलिसिसही ते काढत नाही. आधी यकृत भरतं. ट्रान्सफेरिनला झेपेनासं झालं की मोकळं लोह कॅल्शियमच्या वाटांनी हृदयाच्या पेशीत शिरतं, तिथे पेशी पोळते आणि ठोक्याचं वहन बिघडतं. टी-टू-स्टार २० च्या खाली गेला तर हृदयात लोह आहे, १० च्या खाली गेला तर लय बिघडण्याचा धोका मोठा. हे आकडे थॅलेसेमियाच्या रुग्णांवरून आलेत, आणि डायलिसिसमध्ये हृदयापेक्षा यकृतातच लोह जास्त सापडतं. मागच्या लेखात दोन्ही लिहिलंय. वाचलंत का?

एकट्या फेरिटिनवर आयर्न बंद करा, असंही मी म्हटलेलं नाही. कॅथेटरला जंतुसंसर्ग झाला तरी फेरिटिन चढतं. फेरिटिन ९०० आणि टीसॅट १५ असेल तर आधी सीआरपी (शरीरातली सूज-संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) करा, कॅथेटरची जागा बघा, आणि ताप असेपर्यंत आयर्न देऊ नका. दोन्ही चढलेले असतील तर व्हायल खाली ठेवा आणि ते डॉक्टरांना दाखवा. लोह उतरवायचं औषध स्वतःच्या मनाने तर मुळीच नको. डेस्फेरिऑक्सामिन या तशाच औषधावर असलेल्या डायलिसिस रुग्णांत म्युकर (बुरशीचा गंभीर संसर्ग) झालेला आहे.

पोटॅशियम? ते कोण नाकारतंय! लांब सुट्टीनंतरचा डायलिसिस, आणि हिवाळ्यात इथल्या सराफ्यातला गराडू (तळलेला कंद), यावर वेगळं लिहिलंय. पोटॅशियम एका रात्रीत घात करतं, लोह वर्षानुवर्षं साचतं. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

प्रतिक्रिया काढलेली नाही, राहू द्या. फक्त एवढं सांगा: फेरिटिनचं रक्त तुमच्या युनिटमध्ये शेवटच्या आयर्ननंतर आठवडाभर थांबून घेता, की त्याच दिवशी, व्हायल संपल्यावर?