"कोड खुला आहे, बदलून घ्या"

आज सकाळी हे एका ओळीचे उत्तर हाती पडले आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. ग्रंथालयाच्या नोंदींसाठी मी वापरते त्या ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड, मूळ लिखित सूचना, कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा) प्रोग्रॅममधील पुस्तक परत मागणाऱ्या पत्राचा मजकूर मला स्वतःला बदलता यावा, एवढीच तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांना माझी विनंती होती. कारण 'आपण मुदतीचा भंग केला आहे' असे वयोवृद्ध वाचकांना कळवताना मला संकोच वाटतो.

हे वाक्य पूर्वी एकदा बदलले होते. प्रोग्रॅमिंग जाणणाऱ्या एका मित्राने शेजारी बसून सोर्स कोडमधील नेमकी ओळ शोधली आणि दहा मिनिटांत पत्र माणसात आणले. पुढे अपडेट आले, आमची ओळ पुसली गेली, आणि मित्र तोवर परगावी गेला होता.

अशा प्रोग्रॅमना मुक्त सॉफ्टवेअरही म्हणतात, आणि त्याच्या व्याख्येत चार स्वातंत्र्ये आहेत: हव्या त्या कामासाठी वापरणे, अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे. यांतील दुसरे आणि चौथे माझ्यासाठी कागदावरच राहिले आहे. हाच प्रोग्रॅम वापरणाऱ्या दुसऱ्या एका ग्रंथपालबाईंनी आमचे ते मवाळ पत्र मागितले, तेव्हा मी त्यांना काय देणार होते? मित्राचा फोन नंबर?

"मग प्रोग्रॅमिंग शिका" असे सांगणाऱ्यांचा तर मला संताप येतो. स्प्रेडशीटमध्ये एकात एक गुंतलेली सूत्रे लिहिणारे हिशेबनीस स्वतःला प्रोग्रॅमर म्हणवतात का? मल्टिक्स या जुन्या संगणक प्रणालीवरील ईमॅक्स या मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये कार्यालयातील सेक्रेटरीसुद्धा नव्या आज्ञा लिहायला शिकू लागल्या होत्या, असे मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी सांगितले आहे. त्यांच्या हाती दिलेल्या पुस्तिकेत याला प्रोग्रॅमिंग म्हणतात असा उल्लेखच नव्हता, त्यामुळे त्या बिचकल्या नाहीत. 2007 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या 'स्क्रॅच' या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लहान मुले दुसऱ्याचा प्रकल्प एका बटणाने आपल्याकडे घेतात, त्यात भर घालतात, पुन्हा सर्वांसमोर ठेवतात, आणि मूळ कर्त्याचे नाव त्यावर कायम राहते. मुलांसाठी जे करता आले, ते पांढऱ्या केसांच्या ग्रंथपालासाठी का करता येऊ नये?

विनामोबदला काम करणारे लोक माझे काही देणे लागत नाहीत, हे मान्य. ते उत्तर लिहिणाऱ्यानेही कदाचित दिवसभराची नोकरी संपवून, डोळे चोळत ते लिहिले असेल. सकाळइतका राग आता त्याच्यावर उरलेला नाही. पण पत्राचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा, अपडेटने तिला हात लावू नये आणि ती फाइल मला दुसऱ्या कोणाला पाठवता यावी, ही मागणी मी सोडणार नाही.

तूर्त मित्राने घातलेले वाक्य वहीत उतरवून ठेवले आहे आणि छापून आलेल्या प्रत्येक पत्रावर मूळ ओळ खोडून मी ते हाताने लिहिते. ग्रंथपालबाईंनाही वहीचे ते पान पाठवले होते. त्यांनी त्यात दोन शब्द बदलले, आणि आता मीही त्यांचाच मजकूर वापरते.