मालकाचं उत्तर: ‘बॉक्सच्या नावाखाली २,२०० रुपये उकळले’

नमस्कार साहेब. पोलोत नवा स्टिरिओ बसवायचं तासाभराचं काम सांगून तुम्हाला तीन तास ताटकळत ठेवलं आणि आमचा पोरगा तुमच्याशी तोडून बोलला, दोन्हींबद्दल माफी मागतो. पण एक स्टार देऊन ‘गरज नसलेला बॉक्स गळ्यात मारला’ असं लिहिलंत, ते फार लागलं.

स्टिरिओ तुम्हीच ऑनलाइन मागवून आणला होता. त्याच्यासोबत कॅनबस बॉक्स, म्हणजे गाडीचा डेटा वाचणारा डबा, आलाच नव्हता. तुमच्या आधीच्या स्विफ्टला तो लागला नाही, हे खरं. त्या गाडीत चावी फिरवली की एसीसीच्या, म्हणजे चावीवर चालू-बंद होणाऱ्या वायरला १२ व्होल्ट येतात आणि स्टिरिओ चालू होतो. पोलो आपल्या चाकणलाच बनली, पण तिचं वायरिंग तसं नाही. कंपनीचा रेडिओ काढून तुमच्यासमोरच सॉकेटला मीटर लावला होता, आठवून बघा. चावी लावली तरी थेट बॅटरीच्या लाल वायरवर १२ व्होल्ट, काढली तरी १२. एसीसीची वायरच नाही तिथे! चावी लागली, स्टिअरिंगवरचं आवाजाचं बटण दाबलं, हे सगळं एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक नारिंगी वायरींवरून डेटा म्हणून येतं. त्यांच्यावर जेमतेम अडीच व्होल्ट असतात, त्यावर स्टिरिओ कसा चालेल? तो डेटा वाचून स्टिरिओला १२ व्होल्ट सोडायचे, हे त्या बॉक्सचं काम.

‘स्टिरिओची एसीसी लाल वायरलाच जोडा, दुसरीकडे जोडून देतात,’ असं तुम्ही म्हणालात. जोडली असती तर तुम्ही लवकर मोकळे झाला असता. पण गाडी बंद करून गेलात तरी स्टिरिओ चालूच राहिला असता आणि सकाळी गाडीने सेल्फ घेतला नसता. तेव्हाही नाव आमचंच खराब झालं असतं.

बॉक्स दुकानात नव्हता. पोराला नाना पेठेत पाठवून मागवला, त्यातच दीड तास गेला. मागवायच्या आधी किंमत सांगितली होती, तुम्ही ‘बरं’ म्हणालात. फिटिंगचे ठरलेले ६०० च घेतले, बॉक्स जोडायचा एक रुपया वेगळा लावला नाही. गाडीची एकही वायर कापलेली नाही, सगळं कपलरला कपलर, म्हणजे प्लगात प्लग आहे. कुणालाही उघडून दाखवा. सोळा वर्षं दुकान चालवतोय, उकळण्याचा आरोप आजवर कुणी केला नव्हता.

यापुढे गाडी बघूनच वेळ सांगू, बसायच्या जागेचंही बघतोय. तुमचा कंपनीचा रेडिओ दुकानातच राहिलाय. गाडीचा नंबर लिहून पिशवीत ठेवलाय, याल तेव्हा घेऊन जा.